पांढऱ्या पायाचं रानडुक्कर

ओरुले, १४ नोव्हेंबर

चि. गाविना हिस, बाकीसमामाचे अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या पेपेद्दामामीचा गुडघा कुरकुरतो आणि मामी त्याहून जास्त. फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. मेंढवाड्यावर तो लागत नाही आणि गावात लागतो तिथे सगळं गाव कान देऊन उभं असतं.

रविवारी आमच्या टोळीने एक रानडुक्कर पाडलं. गोळी माझी. जवळ जाऊन बघतो तर मागचा एक पाय पांढराशुभ्र, मोजा घातल्यासारखा, आणि थोबाड आखूड! बुचाच्या सालींवर वाटे मांडायला घेतले तेवढ्यात टोळीतल्याच झिझूने माझा हात धरला. म्हणाला, हे रानडुक्कर नव्हेच, ह्यात कुणाच्यातरी घरचं रक्त आहे. रीत तुला ठाऊक आहे. रानाचं जनावर सगळ्यांचं, घरचं जनावर धन्याचं. त्याचे वाटे होत नाहीत. झालं! सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

वसंतात आपल्या खोऱ्यावरची बंदी उठणार, आपली सॉसेजं पुन्हा बाहेर विकता येणार, ती रानात डुकरांच्या तापाची साथ उरली नाही असं ठरलं तरच. अशात कुणी चोरून डुकरं मोकळी सोडत असेल तर त्याला काय म्हणावं? माझा संशय झिझूवरच. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याच्या गोठ्यात मी आधी डोकावतो.

धड शीतघरात टांगलंय, गुरांचे डॉक्टर रक्त घेऊन गेले. कानाचा तुकडा बसवाल्याबरोबर तुझ्याकडे पाठवतो आहे. तू सासारीच्या प्रयोगशाळेत बसून दिवसभर रानडुकरांची कुळं शोधतेस, तर एवढी ह्याची आई शोधून दे. माझी झोप उडाली आहे.

मामीने चीज पाठवलंय. ते कानापासून लांब बांधलंय.

तुझा मामा,
बाकीस


सासारी, २३ नोव्हेंबर

ती. मामांस, सा. न. वि. वि.

चीज उत्तम. पण पुन्हा असा कान पाठवलात तर पुढच्या वेळी मी तुमचा मागवीन! साथीच्या मुलखातलं मांस बसवाल्याच्या डब्याशेजारी ठेवतात का, मामा?

तुमचं कोडं मात्र मस्त आहे. बाप अस्सल रानातला, आई घरची. झिझूकाकांचं बरोबर होतं, हे वाचून तुमचं तोंड कसं झालं असेल ते मला इथून दिसतंय. ती आई कोणती, हे हवं असेल तर गावातल्या डुकरिणींचे केस पाठवा, मुळासकट उपटलेले.

आता जरा गंभीर. डॉक्टरांनी घेतलेलं रक्तही आमच्याकडेच आलं. ताप आत्ता नाही, पण पूर्वी येऊन गेल्याची खूण त्यात आहे. म्हणजे हे जनावर आजारी पडलं आणि जगलं. मामा, त्या तापातून फार थोडी जगतात. हे कसं जगलं, ते मला कळत नाही आणि त्यापुढे दुसरं काही सुचतही नाही. त्याला ताप रानात लागला की आईकडून, तेही ठाऊक नाही. तेव्हा आईचा शोध झिझूकाकांची खोड मोडायला नको, खरंच करा.

मामींच्या गुडघ्याला माझा नमस्कार.

तुमची,
गाविना


ओरुले, २ डिसेंबर

चि. गाविनास अ. उ. आ.

केस पाठवतो आहे, पुड्यांवर नावं आहेत. झिझूची डुकरीण खाजवायच्या निमित्ताने गाठली. केस उपटला तशी ती अशी किंचाळली की झिझू बाहेर आला. मी म्हटलं, काय छान भरली आहे हो तुमची! माझ्या तोंडून स्वतःच्या डुकरिणीची स्तुती ऐकून त्याने मला वाइन पाजली. मला थोडी लाज वाटली, पण वाइन चांगली होती.

उगाच कुणी बोलायला नको म्हणून आमच्या डुकरिणीचे, कोंतेसाचेही केस घातलेत. तिला मोकळं कधी सोडत नाही. ओकची फळं पडायला लागली की रानात जाते, पण गळ्यात घंटा बांधून. घंटा बांधलेली डुकरीण मोकळी कशी म्हणायची? ती फिरायला गेलेली. संध्याकाळी आपणहून घरी येते, मामीच्या पदराशी लागते. तीन वर्षांपूर्वी तेवढी रानातच व्याली आणि एकटी परत आली. पिल्लं कोल्ह्याने नेली असणार. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

झिझूचं लवकर कळव.

बाकीसमामा


सासारी, १२ डिसेंबर

ती. मामांस, सा. न.

पुन्हा पुन्हा करून बघितलं. झिझूकाकांची नाही. आई कोंतेसा आहे. सगळी पिल्लं कोल्ह्याने नेली नव्हती, मामा.

हे केस तुम्ही मला घरगुती पाठवलेत. तुमच्या-माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. पण तिचं रक्त तपासायलाच हवं, आणि त्यात ती खूण निघाली तर तिला जिवंत ठेवत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. मी डॉक्टरांना सांगू शकते, सांगावं लागेलच. तरी आधी तुम्ही सांगावं असं वाटतं. कोंतेसाला मीही पोळीचे तुकडे भरवलेत.

रागावलात तरी पत्र लिहा.

गाविना


ओरुले, २० डिसेंबर

चि. गाविनास अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. दोन दिवस मेंढवाड्यावरच राहिलो, घरीसुद्धा आलो नाही. मग टोळी जमली तिथे जाऊन सांगितलं, की त्या जनावराची आई माझी. वाटलं, झिझू आता मला सोलून काढणार. तो माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, माझीही घंटा बांधून जाते. मग दुसरा म्हणाला, माझीही. गाविना, सगळ्यांचीच जाते गं! आम्ही सगळे मिळून चोर शोधत होतो.

डॉक्टरांनी सगळ्यांच्या डुकरिणींचं रक्त घेतलं. खूण एकट्या कोंतेसाच्या रक्तात निघाली. बंदी उठणं लांबलं, तरी गावाने मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिला गुरुवारी नेणार. मला आता आठवतंय, एका पावसाळी आठवड्यात ती खात नव्हती, कोपऱ्यात पडून असायची. मी तिला नखरेल म्हणून ओरडलो होतो. ताप अंगणात येऊन गेला आणि मी तिला दटावत बसलो.

तर तू बुधवारी ये. डॉक्टर म्हणाले, रक्त आम्ही घेऊन ठेवू. मी म्हटलं, माझी भाची घेईल. तुला लागेल तेवढं घे, केस घे, काय हवं ते घे, तिला मी धरतो, माझ्या हातात ती हलत नाही. जिथे बाकीची मरतात तिथे ती जगली आणि पोरालाही जगवलं. कसं, ते तिच्या अंगात कुठेतरी आहे. तिला नेतील ते नेतील. ते मात्र तिच्याबरोबर जाऊ देऊ नकोस.

माया आहे तशीच ठेव.

तुझा मामा,
बाकीस