सहावी सूचना

आव्वा, आज शुक्रवार. शाळा सुटून तासभर झाला आणि मी ऑफिसात एकटाच बसलो आहे. शिपाई मावशी वर्ग झाडून आत्ताच गेल्या. जाताना म्हणाल्या, "सर, पंखा तेवढा बंद करा, न्हायतर सोमवारपतोर फिरत बसंल." मी हो म्हटलं. तू गेलीस तेव्हा मी अजून नोकरी शोधत होतो. त्यानंतर वर्षभरात कोल्हापुरातल्या या सिस्टरांच्या प्राथमिक शाळेत लिपिक म्हणून लागलो आणि इथंच केस पांढरे झाले. दाखले, हजेरीपत्रकं ही कामं आहेतच, पण दर शुक्रवारी पालकांसाठी बातम्या आणि सूचनांचं एक पत्रक काढायचं, हे काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. आधी स्टेन्सिल कापायचो, मग झेरॉक्स आली, आता मोबाइलवर पाठवतो आणि ज्यांना हवा त्यांना कागदही देतो. फार मोठं काही नसतं त्यात. नखं कापून पाठवा. पाण्याच्या बाटलीवर नाव घाला. राखेच्या बुधवारी शाळा अर्धा दिवस. दुसरीतली एक मुलगी दवाखान्यात आहे, तिच्यासाठी घरी प्रार्थना करा, आपापल्या देवाकडे केली तरी चालेल. हे शेवटचं वाक्य मी माझ्या मनानं घालतो, त्याला अजून कुणी हरकत घेतलेली नाही. एक रिक्षावाले पालक फाटकात भेटले की म्हणतात, "सर, तुमचं पत्रक म्हंजे रेडिओ झाला की. हवामान तेवढं ऱ्हायलंय बघा."

आजच्या पत्रकात सात सूचना आहेत. सहा लिहून झाल्या आहेत, सातवीपाशी मी दुपारपासून अडकलो आहे. मुख्याध्यापिका सिस्टर यंदाच नव्यानं आल्या आहेत, वयानं माझ्यापेक्षा लहान, उत्साही. त्या दोनदा येऊन गेल्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "सर, सात नंबर झाला का?" दुसऱ्यांदा नुसत्याच दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एका ओळीला एवढा वेळ?" खरंच एकच ओळ आहे. येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, पवित्र गुरुवारच्या आदल्या दिवशी, येत्या बुधवारी, चौथीची मुलं शाळेत आपापल्या आईचे पाय धुतील, तरी सर्व मातांनी दहा वाजता यावं. ती लिहायच्या ऐवजी मी हे लिहितो आहे.

गावची आपली शाळा तुला आठवत असेलच. गडहिंग्लजच्याही खाली, जिथं अर्धी माणसं कानडीत भांडतात, मराठीत समजूत काढतात आणि आईला आव्वा म्हणतात, तिथं चर्चच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि चार वर्ग. छापायचं यंत्र कुठलं असणार? शेवटच्या तासाला सिस्टर फळ्यावर सूचना लिहायच्या, आम्ही त्या वहीत उतरवून घ्यायचो आणि घरी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवायचो. गावात वाचता येणाऱ्या आया किती होत्या? पोर वाचेल तेवढंच घराला कळायचं. तू चुलीपुढं भाकरी थापत असायचीस, मी उंबऱ्याजवळ वही घेऊन. "हळू वाच की रं, मी काय मोटार हाय तुझ्या मागनं पळाय?" म्हणायचीस. एक सूचना वाचली की हात पुसून पदराला एक गाठ. दुसरी वाचली की दुसरी गाठ. सूचनेतलं काम झालं की गाठ सुटायची. सगळं वाचून झालं की तव्याच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावून तू वहीत उठवायचीस. अंगठा नेमका कुठं टेकवायचा ते मी धरून दाखवायचो. दुसऱ्या दिवशी सिस्टर प्रत्येकाचा अंगठा बघायच्या. माझ्या वहीच्या पानांना आपल्या घराच्या धुराचा वास यायचा आणि त्याची मला तेव्हा लाज वाटायची, हेही आज लिहून टाकतो.

लाज वाटायला आणखी एक कारण होतं. बाबा गेल्यावर तू गुऱ्हाळावर जायला लागलीस, उसाची चिपाडं वाळवायच्या कामाला. एका हंगामात काहील उतरवताना उकळता रस तुझ्या डाव्या पायावर सांडला. दोन बोटं एकमेकांना चिकटली, वरची कातडी काळी आणि चकचकीत झाली. टाचांच्या भेगा तर आधीपासूनच, चार आणे उभे राहतील एवढ्या. तुझ्या पायात मी कधी चप्पल बघितली नाही. वर्गातल्या एकानं एकदा ओढ्यावर तुझा पाय बघितला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तुझ्यासारखं चालून दाखवलं. मीही हसलो. त्या हसण्यात मी सामील नसतो तर पुढचं घडलं नसतं, असं मला वाटतं.

चौथीच्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, सिस्टरनी फळ्यावर सहा सूचना लिहिल्या. सहाही मी वहीत नीट उतरवल्या, कारण वही तपासली जायची. पाचवी होती सुट्टीत पाढे पाठ करण्याची. सहावी होती आज मला लिहायची आहे तीच. त्या संध्याकाळी मी पाच वाचल्या आणि थांबलो. तू पाच गाठी मारल्यास. "झालं?" म्हणालीस. मी म्हटलं, "झालं." मग तू काजळी लावलीस आणि मी तुझा अंगठा धरून कागदावर टेकवला. तो सहाव्या ओळीच्या खाली उमटला, तिच्या शेवटच्या दोन शब्दांवर थोडा चढून. जी ओळ तुला ऐकू आली नव्हती तिच्यावर मी तुझा अंगठा घेतला, आव्वा.

बुधवारी वर्गात एका भिंतीला बाकं लावली होती. सगळ्या आया डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, हिंदूंच्या, आपल्या, मुसलमानांच्या, आणि लाजून एकमेकींना ढोसत होत्या. कोमट पाण्याचं घंगाळ पुढं पुढं सरकत होतं. शेजारची चाची, त्या गाद्या भरणाऱ्यांच्या घरातली, तिचा पोरगा माझ्याच वर्गात. त्यानं पाय धुताना गुदगुल्या केल्या आणि चाचीनं सगळ्यांदेखत त्याच्या डोक्यात टपली दिली. माझी पाळी आली तेव्हा पुढचं बाक रिकामं होतं. सिस्टर म्हणाल्या, "आई?" मी म्हटलं, "ताप आलाय." चाची तिथंच बसली होती. ती खाली बघत राहिली. सिस्टरनीही वही मागितली नाही. त्यांनी चपला काढल्या, रिकाम्या जागेवर बसल्या आणि म्हणाल्या, "मग माझे धू." मी त्यांचे पाय हातात घेतले. त्यांच्या टाचांनाही भेगा होत्या, मातीनं काळ्या झालेल्या. मी त्या नीट धुतल्या, पंच्यानं पुसल्या आणि मला काहीही वाटलं नाही, ना किळस ना लाज.

घरी आलो तर तू दारात बसलेली. हंगामाचे दिवस, त्या वेळी तू कधी घरी नसायचीस. मी विचारलं, "गुऱ्हाळ बंद हाय?" तू म्हणालीस, "व्हय." न्हाणीच्या दगडावर वजरी ओली पडली होती, पाय घासायची ती खरबरीत काळी वजरी. तुझ्या पायांना तेल लावलेलं, आणि उजव्या टाचेवर रक्ताचा एक बारीक ओघळ. मी बघितलं आणि मला काहीच कळलं नाही. तू ताटात भाकरी दिलीस, वर काकवी ओतलीस, नेहमीपेक्षा जास्त. विचारलंस, "आज काय झालं शाळंत?" मी म्हटलं, "काय न्हाय." "बरं," म्हणालीस आणि पाठीवरून हात फिरवलास. मला काकवी गोड लागली, आव्वा. अजून ती गोडी तोंडात आहे आणि तीच मला सोसत नाही.

तू गेलीस त्या दिवशी मी पुण्याला मुलाखतीला गेलो होतो. यायला दुसरा दिवस उजाडला. तोवर बायकांनी तुला अंघोळ घालून, नवी साडी नेसवून पेटीत ठेवलं होतं. हातात जपमाळ, पायांत पांढरे मोजे. कुणीतरी गडहिंग्लजहून मुद्दाम विकत आणले होते, आपल्यात रीत आहे म्हणून. जन्मभर अनवाणी चाललेली तू, आणि ते पोरींच्या शाळेतल्यासारखे कोरे मोजे. मोजे काढून एकदा पाय बघावेत असं मनात आलं. फादर प्रार्थना म्हणत होते, माणसं उभी होती. मी फक्त वरून हात लावला. कापडाखाली ती चिकटलेली दोन बोटं लागली.

एवढ्यावर राहिलं असतं तरी मी पाप कबूल करून मोकळा झालो असतो. फादरांपुढं मी ते कबूल केलंही होतं, त्यांनी तीन वेळा 'प्रणाम मरिया' म्हणायला सांगितलं आणि मी म्हटलं. पण काही वर्षांपूर्वी मृतांच्या सणाला तुझी कबर साफ करायला गावी गेलो. मेणबत्त्या लावून परत येताना चाची तिच्या दारात बसली होती. आता दिसत नाही तिला नीट. आवाजावरून ओळखलं मला. इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग गवारीच्या शेंगा मोडत मोडत, काही सांगायचं म्हणून नव्हे, सहज म्हणाली, "तुझी आई लई येडी बाई. त्या पाय धुण्याच्या दिवशी सकाळधरनं वजरी घेऊन बसल्याली. रक्त काढलं पायातनं. मी म्हटलं, चल की गं, उशीर व्हाय लागलाय. तर काय म्हणाली ठावं हाय?"

मी म्हटलं, "तिला कुठं म्हाईत होतं, चाची?"

"म्हाईत नसायला काय झालं? आमच्या पोरानं सहाच्या सहा वाचल्या की. मीच सांगितलं तिला, आदल्या सांजला. तर सकाळी पाय घासून घासून बसली, आणि मग म्हणाली, न्हाय येत चाची. पोरानं वाचलं न्हाय म्हंजे त्याच्या मनात न्हाय. आन् मला म्हणाली, त्याला ह्यातलं काय बोलू नगं." शेंगा मोडायच्या थांबवून तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. "तुला ठावं न्हवतं व्हय?"

दर पवित्र गुरुवारी फादर चर्चमध्ये बाराजणांचे पाय धुतात तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसतो. दोनदा मला त्या बाराजणांत बोलावलं. दोन्ही वेळा मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. माझा गुडघा चांगला आहे. जपमाळेत तुझ्यासाठी म्हणायला सुरुवात केली की मला देवाची आई दिसत नाही, न्हाणीचा दगड दिसतो आणि तू पाठमोरी. येशूला तू नक्कीच भेटली असशील. त्यानं तुझे पाय धुतले असतील, तर माझं काम त्याला करावं लागलं, एवढंच मी म्हणू शकतो.

इथपर्यंत लिहून कागद बाजूला ठेवला होता. आता सहा वाजायला आलेत. मधल्या वेळात सातवी सूचना लिहिली. आधी ती गाळूनच टाकावी असं वाटलं होतं. सिस्टर रागावल्या असत्या आणि विसरल्या असत्या. पण एकदा गाळून काय झालं ते मला माहीत आहे. मग ती जशीच्या तशी लिहिली, फक्त 'आईचे'च्या पुढं 'किंवा ज्यांनी वाढवलं त्या कुणाचेही' एवढं घातलं आणि पत्रक पाठवलं. त्यानंतर चौथीच्या वर्गाची यादी घेऊन एकेका घरी फोन लावला आणि आईला फोनवर बोलवून ती एक ओळ वाचून दाखवली. बहुतेकजणी म्हणाल्या, "सर, मेसेज बघितला की आत्ताच." मी म्हटलं, "तरी ऐका." रिक्षावाल्यांच्या बायकोनं फोन ठेवायच्या आत हाक मारली, "अहो, ऐका, रेडिओवाल्या सरांचा फोन आलाय," आणि घरातली सगळी हसली. मग एका मुलीच्या आईला फोन लागला, चार घरची धुणीभांडी करते ती. तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, "सर, मला यायलाच पायजे व्हय?"

मी विचारलं, "का हो?"

"पाय बघण्यासारखं न्हाईत वो माझं. सारखं पाण्यात. बोटांच्या मधी चिखल्या झाल्यात. पोरगी काय म्हणत न्हाय, खरं तिला कसं वाटंल चारचौघात?"

मी म्हटलं, "या तुम्ही. वजरी लावू नका, तेल लावू नका. आहेत तसे पाय घेऊन या."

"तुमचं बी काय तरी असतंय सर," ती म्हणाली. पण येते म्हणाली.

हे पत्र मी पत्रकांच्या फायलीत, आजच्या तारखेच्या मागं लावून ठेवणार आहे. पत्रकाच्या तळाला सहीची जागा असते, ह्याला नाही. आणि आव्वा, एक राहिलंच. बुधवारी दहाला सिस्टरनी मला घंगाळापाशी उभं राहायला सांगितलं आहे, पाणी बदलायला कुणीतरी हवं म्हणून. मी त्यांना सांगितलं, त्या सकाळी मला शिक्षण विभागाच्या कार्यालयात जावं लागेल. तिथं माझं काहीही काम नाही.