राणीचा आवाज

३ जुलै २०२४, बुधवार

या नव्या हिरोला कोणी घेतलं! दोन तास तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. लोक म्हणतात, सहज अभिनय. दशावतारात माझ्या माईकसमोर असा पुटपुटला असता तर गावकऱ्यांनी पहिल्याच प्रवेशात मुकुट काढून घेतला असता.

पावसाळ्यात नाटकं बंद, लाऊडस्पीकर माळ्यावर. मालवणात साऊंडवाल्याला काम नाही, म्हणून मी टीव्हीसमोर. मुंबईच्या मालिकांत मालवणी माणूस म्हणजे नोकर, नाहीतर भूत. दोघंही मालवणी चुकीची बोलतात. भूत जरा बरं बोलतं.

सातला मात्र दक्षिणेतली ती राणीची मालिका. राणी झालेली बाई नुसते डोळे मोठे करते. पण तिचं मराठी बोलणं माझ्या संचिताचं! मुंबईत डबिंग करते पोरगी. त्या बाईचं अर्धं राज्य माझ्या मुलीने चालवलंय. शेजारच्या दुकानातला मेहबूब चहा घेऊन येतो नि म्हणतो, "सत्यवाना, राणी तुझी, मगे आमची जहागीर खंय?"

९ जुलै, मंगळवार

महिनाभर संचिताचा फोन नाही. नुसते मेसेज — कामात आहे बाबा. बायको कुरकुरते, "आपल्या चेडवाचो आवाज आयकूक नाय. माका बरा वाटना नाय."

म्हटलं, "रोज सातला आयकतंस मा! मे महिन्यात फोनार सर्दी होती, आता बघ कसो खणखणीत आसा."

ती उठून आत गेली. पटलं नसावं.

१५ जुलै, सोमवार

राणीने युवराजाला शाप दिला. शेवटच्या शब्दाला खरखर.

आधी वायर बदलली. मग माझा मोठा स्पीकर-बॉक्स टीव्हीला जोडला. खरखर वायरीत नाही, गळ्यात आहे. मेहबूब म्हणाला, "तुझ्या कानांका गंज इलो रे." इलो असता तर बरं झालं असतं.

संचिताला मेसेज केला — पुन्हा सर्दी? मिठाच्या गुळण्या कर. उत्तर आलं — हो बाबा.

१९ जुलै, शुक्रवार

आज आवाज साफ! हिला सांगितलं, बरी झाली. दोघंही पोटभर जेवलो.

२६ जुलै, शुक्रवार

पुन्हा खरखर होती, आधीपेक्षा जास्त. वाक्य मध्येच तुटतं, श्वास पुरत नाही. चतुर्थीला कधी येतेस विचारलं, त्याला उत्तर नाही. शेवटी विनीतला फोन लावला. तिच्या स्टुडिओतला रेकॉर्डिंगवाला. मागे गेलो होतो तेव्हा त्याने चहा पाजला होता.

"काका, संचिता एप्रिलपासून येत नाही."

"असं कसं? काल सातला तर —"

"ते फेब्रुवारीतलं, काका. आमचं काम पाच महिने आधी होतं."

चाळीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज वाजवतोय. कॅसेट वाजते तेव्हा बुवा गात नसतो, घरी झोपलेला असतो — हे मला कोणी सांगायला हवं होतं? आणि मी रोज सातला मुलीची नाडी बघत बसलो — फेब्रुवारीतली!

संचिताच्या घशात गाठ. कॅन्सर. डॉक्टर म्हणतात स्वरयंत्र काढा, लगेच. ती नाही म्हणते. तीन महिने नाही म्हणते. विनीत अडखळत बोलला, "ती म्हणते, बाबांना काय सांगू. ते रोज माझा आवाज ऐकतात."

२७ जुलै, शनिवार

हिला सांगितलं. चुलीवरची आमटी करपली, कोणी उठलं नाही. मग एकच बोलली, "तुमका टीव्हीतला चेडू पुरला. माका नाय पुरला."

दुपारी फोन लावला. संचिताने उचलला. आवाज कसला, नुसता वारा. म्हटलं, "बाय, काढून टाक."

"मगे मी काय करू, बाबा?"

"घरात बोलूक तुझी आई आसा. आयकणारो मी एकलो. माका जोडी व्हयी."

फोन चालू आहे की कट झाला, कळेना. मग तो वारा आला — "बरां."

शेजारी बसलेल्या मेहबूबने माझ्या हातातला कप काढून घेतला. चहा पायावर सांडत होता. भाजलं ते नंतर कळलं.

६ ऑगस्ट, मंगळवार

मुंबई. ऑपरेशन झालं. गळ्याला भोक ठेवलंय, श्वास तिथून. शुद्धीवर आली, आईकडे बघितलं, तोंड उघडलं. नुसतं उघडलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

डॉक्टर म्हणतात, उशीर केलात. आता बघू.

११ ऑगस्ट, रविवार

वॉर्डातल्या टीव्हीवर कसलातरी विनोदी सिनेमा. सगळे हसत होते. संचिताही हसली — खांदे हलले, तेवढंच. तिचं हसू मी आजवर भिंतीपलीकडून ओळखायचो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या चतुर्थी. संचिता घरी आली, गळ्याला ओढणी. विनीत म्हणाला होता, मालिकेत तिचा आवाज आजच्या भागापर्यंतच. पुढे दुसरी मुलगी.

सातला मी टीव्ही लावला नाही. तिनेच लावला. राणी बोलायला लागली. बंद करायला उठलो, तर तिने हात धरून बसवलं.

तिचे ओठ राणीच्या ओठांबरोबर हलत होते. एकही अक्षर चुकलं नाही.