भूमीआजोबांचा कौल आणि आपली पुढची खोली

प्रिय युये ताईस,

धाकट्या श्वेयुआनचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ताइपेची थंडी त्याला मानवत नाही हे मी तुला वीस वर्षं सांगतोय, पण धाकट्याचं ऐकायची आपल्या घरात पद्धत नाही. इकडे तुझी भावजय शियूचिन मजेत आहे. माझं मात्र विचारू नकोस. डॉक्टर म्हणतात रक्तदाब, मी म्हणतो च्वांग. (तोच वॉर्डप्रमुख च्वांग, शाळेत तुझ्या वह्या उतरवून पास झालेला.)

तर या च्वांगने आपल्या गल्लीतला वड तोडायचं ठरवलं. संगणकाच्या चिपचा कारखाना येतोय, ट्रकना रस्ता रुंद हवा, आणि वड व त्याच्या बुंध्याशी छोट्या देवळात बसलेले आपले भूमीआजोबा, गल्लीचे राखणदार देव, मध्ये येतात म्हणे! मध्ये येतात? अरे, दोनशे वर्षं ते तिथेच आहेत, मध्ये तू आलास! रस्ता नकोच असं मी म्हणत नाही, माझाही मुलगा त्याच कारखान्यात चिकटणार आहे. पण या लोकांना एक गोष्ट बांधायची तर दुसरी पाडल्याशिवाय हुरूपच येत नाही. ओढ्यावर स्लॅब टाकून गाड्या लावल्या. साखर कारखान्याची जुनी इमारत पाडून तिथे कॉफीचं दुकान काढलं, आणि दुकानाच्या भिंतीवर फोटो कुणाचा? पाडलेल्या इमारतीचा! खाली लिहिलंय, ‘आमचा वारसा’. मी तिथली कॉफी एकदाच प्यालो, तीही भांडत.

देवाला विचारल्याशिवाय हलवता येत नाही, म्हणून रविवारी सगळ्या गल्लीसमोर कौल लावला. च्वांगने उदबत्ती लावली, संत्री ठेवली आणि विचारलं काय, तर आजोबा, तुम्हाला नवं, मोठं, एसी लावलेलं देऊळ चालेल का! चोर लेकाचा. असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? मीसुद्धा हो म्हणालो असतो. कौलाची लाकडं पडली, एक उताणं, एक पालथं, म्हणजे लख्ख होकार, तोही लागोपाठ तीनदा. टाळ्या झाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या हातातली लाकडं हिसकावली आणि विचारलं, आजोबा, वड राहू दे ना? पुन्हा तीनदा होकार! (देवाचा मला भयंकर राग आला, हे तुलाच सांगतो. या वयात माणसाने दोन्हीकडून मान डोलावू नये.)

मग जी हमरीतुमरी झाली ती विचारू नकोस. मी च्वांगला ‘वहीचोर’ म्हणालो, त्याने मला ‘रिकामटेकडा’ म्हटलं, त्याच्या बायकोने संत्री परत घेतली. शेवटी रस्त्याच्या इंजिनियर चोंगबाईंनी नकाशा पसरला आणि शांतपणे म्हणाल्या, रस्ता दहा फूट डावीकडे वळवला तर वडाची मुळंही वाचतील आणि देऊळही. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, वळवा! तशा अर्जावर सहीच्या जागी पहिला शिक्का माझा, लालभडक. सगळ्या गल्लीने माझ्या नावाचा जयजयकार केला.

त्या गदारोळात शियूचिनने नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘अहो, डावीकडे आपलं घर आहे.’’

ताई, जयजयकार थांबतोय कसला! ज्यांचं घर डावीकडे नव्हतं तेच जोरात ओरडत होते. आईने जिथे चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलं, तू जिथे परीक्षेचा अभ्यास केलास, ती पुढची खोली अख्खी जाते. च्वांग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘‘श्वेयुआनभाऊ, वारसा जपायला मन मोठं लागतं.’’ मी तो हात झटकला. सरकारने रस्ता लहान करावा, कारखान्याने ट्रक लहान करावेत, मी एक वीटही देणार नाही. घर म्हणजे काय मुळ्याची वडी आहे, कडेने कापून वाढायला? मी मेलो तरी मागे हटणार नाही, एवढं कळवण्यासाठीच हे पत्र.

तुझा,
श्वेयुआन

ता. क. : कालपर्यंत मागे हटलो नव्हतो. आज सकाळी चोंगबाई आल्या होत्या. सोमवारपर्यंत आपला होकार आला नाही तर मंगळवारी करवत येणार. मी त्यांच्यावर खूप ओरडलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना वडाखाली पाच मिनिटं बसल्या. मग मी संमतीच्या कागदावर माझा शिक्का मारला.

ता. क. दुसरा : घर दोघांच्या नावावर आहे. सोबत तो कागद जोडलाय, माझ्या शिक्क्याशेजारी तुझी जागा रिकामी आहे. शिक्का मारून उलट टपाली पाठव. नको म्हणायचं असेल तर मात्र पत्र लिहू नकोस, फोनही करू नकोस. गाडीत बस, इथे ये, आणि वडाखाली उभी राहून सांग.