मागे भोकं नसलेला टीव्ही

चोलोक-ताल,
२ डिसेंबर २०१७

चिनारा बाळ,

तुला, जावई कुबानला आणि छोट्या अदिनाला माझे आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. थंडीत डावा गुडघा कुरकुरतो, तेवढं सोडलं तर मी बरी आहे. लाल गाय गाभण आहे. घाटात बर्फ पडलाय, पण रस्ता अजून चालू आहे, म्हणून मारातच्या गाडीतून बटाट्याचं पोतं आणि लोण्याची बरणी पाठवते आहे. पत्र मात्र पोत्यात घातलेलं नाही. ते तुझ्याच हातात द्यायचं, असं मी मारातला बजावलंय.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. तीस वर्षं या गावात दुसऱ्यांची पत्रं वाटली, पण स्वतः लिहायची वेळ फारशी आली नाही. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

तुला वाटेल, मी त्या गोष्टीबद्दलच लिहिणार. तसं नाही. मला टीव्हीबद्दल सांगायचंय.

आपला टीव्ही तुला आठवतच असेल. तू पहिलीत होतीस तेव्हा बाबांनी लोकर विकून तो आणला होता. बाबा गेल्यापासून मी तो बघायचे नाही, नुसता लावून ठेवायचे. भाकरी करताना मागे कोणीतरी बोलत असलं की घर घरासारखं वाटायचं. मग उन्हाळ्यात पडद्याखाली एक पट्टी सरकायला लागली: जुनं प्रक्षेपण बंद होणार, नवीन डिजिटल येणार, जुन्या टीव्हीला डबा जोडून घ्या. मी लक्ष दिलं नाही. ऑक्टोबरात एका सकाळी टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या. शेजारच्या बुरुलने डबा आणला होता, तिच्याकडे चित्र आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. माझ्याकडे खरखर. आठ दिवस मी ती खरखरच लावून ठेवली, यावरून काय ते समज.

मग आपला तालाई आला. ग्रामकार्यालयात लागल्यापासून माझा हा भाचा घरात शिरताना आधी पोट आत घेतो.

“अपा, तुमचं नाव यादीत घातलंय,” म्हणाला. (तू आईला म्हणतेस तेच अपा अख्खं गाव मला म्हणतं, तसा तोही.) “डबा फुकट मिळणार.”

“कसली यादी?”

“गरजूंची.”

“मला पेन्शन आहे, गाय आहे. मी कसली गरजू?”

“अपा, यादीत आठच जणांची नावं आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर जिल्ह्याच्या साहेबांपुढे माझं तोंड काळं होईल. आणि तुम्हाला टीव्ही नको का?”

टीव्ही मला हवा होता. इथेच मी पहिल्यांदा शेण खाल्लं. तेव्हाच त्याला बाहेर काढायला हवं होतं.

तीन दिवसांनी सहा माणसं आली. जिल्ह्याचे साहेब, त्यांचा ड्रायव्हर, टीव्ही जोडणारा एक तरुण, कॅमेरावाला, माइकवाली मुलगी आणि तालाई. बूट कोणीही काढले नाहीत. अंगणात शेणाचा चिखल होता. तो घेऊन सगळे सरळ माझ्या आईने केलेल्या लोकरीच्या नमद्यावर आले. मी बुटांकडे बघत राहिले. साहेबांना वाटलं मी लाजते आहे. म्हणाले, “घाबरू नका अपा, आम्ही आपलीच माणसं.”

मी जेवण मांडलं होतं. कणकेचे बोरसोक तळले होते, साय काढून ठेवली होती. साहेब उभ्याउभ्याच खात होते. सायीत बोट बुडवायचे, चाटायचे, पुन्हा तेच बोट बुडवायचे. शेवटी हात कशाला पुसले माहीत आहे? बाबांची टोपी मी खुंटीला लावून ठेवली आहे ना, तिच्याशेजारच्या पडद्याला. टोपीला पुसले असते तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. त्या पडद्यावर अजून दोन तेलकट डाग आहेत. दोनदा धुतला, गेले नाहीत.

तो तरुण टीव्हीमागे गेला, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, “साहेब, डब्याच्या तीन वायरी कुठे घालू? याला मागे भोकंच नाहीत. फक्त अँटेनाचं एक भोक आहे, आणि त्यात ही वायर बसत नाही.”

“घाल कुठेतरी.”

“कुठेच बसणार नाही, साहेब. हा टीव्ही फार जुना आहे.”

“डब्याचा दिवा लागतो ना?”

“दिवा लागेल. त्याला वीज पुरते.”

“मग लाव दिवा आणि डबा टीव्हीवर ठेव. कॅमेरा मागून घ्या. पडदा कोणाला दिसतोय?”

तसंच केलं, चिनारा. डबा टीव्हीवर ठेवला, त्याचा हिरवा दिवा लागला. मला समोर स्टुलावर बसवलं. मुलगी म्हणाली, “अपा, पडद्याकडे बघा आणि खूश व्हा.” पडदा काळा होता. त्याच्या काचेत मी दिसत होते, आणि माझ्यामागे ते बूट. मी हसले. कोणी धमकावलं नव्हतं. हस म्हटलं आणि मी हसले. पासष्ट वर्षांची बाई, काळ्या काचेकडे बघून दात काढत होते.

मग मुलीने माइक पुढे केला. “दोन शब्द बोला. तुम्ही एकट्या आहात, सरकारने तुमची आठवण ठेवली, असं काहीतरी.”

मी बोलले. काय बोलले त्यावर येते.

सगळं आटोपल्यावर त्या तरुणाने डबा काढून पिशवीत घातला. मी विचारलं, “हा कुठे नेता?” साहेब म्हणाले, “तुमच्या टीव्हीला हा चालत नाही, अपा. मग अडवून काय ठेवायचा? ज्याला चालेल त्याला देऊ.” नंतर कळलं की आठही घरांत तोच एक डबा फिरला. पाचव्या घरी तर वीज गेली होती, तिथे दिव्यावर हिरवा कागद चिकटवून खालून बॅटरी मारली. बुरुल हे हसत हसत सांगत होती. मला हसू येईना.

बातमी रविवारी लागली. मला ती दिसायचा प्रश्नच नव्हता. अख्ख्या गावाने बघितली, तू तिकडे बिश्केकमध्ये बघितलीस, आणि मी इथे चुलीपाशी बटाटे सोलत होते. तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं, अदिनाला ताप-बिप आला की काय. तू एवढंच म्हणालीस, “अपा, मी मेले का?” आणि फोन ठेवलास. मला काही कळेना. मी तशीच बुरुलकडे गेले. तिने नातवाच्या मोबाइलवर बातमी दाखवली आणि स्वतः उठून चहा करायला गेली. बुरुल चहा करायला उठली म्हणजे काहीतरी वाईट असणार, हे मी ओळखलं.

पडद्यावर माझं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं: निराधार वृद्धा. डब्यावर हात ठेवून मी म्हणत होते, “नवरा गेला. मूलबाळ नाही. मला या जगात कोणी नाही. बरं झालं, तुम्ही तरी आलात.”

हेच मला सांगायचं होतं आणि हेच मी तीन पानं टाळत होते.

दुसऱ्या दिवशी मी गावभर सांगत सुटले की त्या मुलीने माझ्याकडून वदवून घेतलं. तालाईला शिव्या दिल्या. तुझ्या फोनवर निरोप ठेवला, त्यातही हेच सांगितलं. तो निरोप खोटा होता. मुलीने फक्त एकटी आहे म्हणा, असं सांगितलं होतं. मूलबाळ नाही, हे मला कोणीही शिकवलं नाही. ते माझ्या पोटातून आलं.

तू बाबांच्या दफनाला पोहोचली नाहीस. हिमकडा कोसळून घाट दोन दिवस बंद होता आणि तू वाटेत कोचकोरला टपरीत रात्र काढलीस, हे मला माहीत होतं. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणालाही आली नाहीस. अदिनाला गोवर निघाला होता, हेही माहीत होतं. तुझ्या सगळ्या कारणांत एकही खोटं नव्हतं. तरी मी ती जपून ठेवली, रोज काढून बघितली. मग मे महिन्यात तू म्हणालीस, “अपा, घर विकून टाका आणि आमच्याकडे या.” मला वाटलं, हिला बापाचं घर नको झालंय. तू मला बोलावत होतीस, आणि मला त्यात फक्त विकणं ऐकू आलं.

आणि आणखी एक ऐक. हे लिहिताना माझीच मला शिसारी येते आहे, पण लिहिते. ते शब्द बोलले तेव्हा मला बरं वाटलं. जखमेची खपली काढताना वाटतं तसं. शेणाचे बूट घालून आलेल्या परक्या माणसांपुढे मी माझ्या पोटच्या पोरीला मारून टाकलं, आणि मला गोड लागलं. त्या साहेबाच्या बोटांची मला किळस आली, पण त्याने फक्त साय उष्टावली होती.

मी कार्यालयात गेले. तालाई बाहेर आला.

“त्या मुलीला परत बोलाव,” मी म्हटलं. “मला सांगायचंय की मला मुलगी आहे.”

“अपा, बातमी लागली, संपली. कोण लक्षात ठेवतंय?”

“चिनारा ठेवते.”

त्याने पायाने बर्फ उकरला. मग त्याने त्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, बातम्यांत जागा झाली तर दुरुस्ती देऊ.

आता ती दुरुस्ती बघायला टीव्ही चालू हवा. म्हणून मी सहकारी शेतावरच्या जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले, एसेनबैककडे. तो येऊन टीव्हीच्या मागे वाकला आणि म्हणाला, “वहिनी, यात बिघाड काही नाही. डबा तीन वायरींतून चित्र पाठवतो आणि तुमचा टीव्ही फक्त अँटेनाच्या भोकातून घेतो. मध्ये आणखी एक छोटी डबी बसवावी लागेल. ती तीन वायरींचं घेईल आणि अँटेनाच्या वायरीतून पुढे देईल. नारीनच्या बाजारात मिळते.” डबा आणि डबी, दोन्ही मी माझ्या पेन्शनमधून आणवले. त्याने जोडून दिले, अँटेना छपरावर चढवून डोंगराकडून शहराकडे वळवला, टीव्ही तिसऱ्या वाहिनीवर लावला आणि सांगितलं, “आता याला हात लावू नका, सगळं डब्याच्या रिमोटवरून करायचं.” मी चहा दिला. त्याने दारातच बूट काढले होते, हे मुद्दाम लिहिते.

चित्र आलं. पंचवीस-तीस वाहिन्या आल्या. मी अठरा दिवस रोज संध्याकाळी बातम्यांसमोर बसले. तोच साहेब दोनदा दिसला, एकदा पूल दाखवताना आणि एकदा बालवाडीत केक कापताना. केक कापताना बोट चाटत होता. आणखी एका गावातली आणखी एक म्हातारी दिसली, डब्यावर हात ठेवून हसणारी. तिच्या टीव्हीलाही मागे भोकं नसतील, मी पैजेवर सांगते. दुरुस्ती काही आली नाही. अठराव्या दिवशी मी टीव्ही बंद केला. चित्र इतकं स्वच्छ होतं की बघवेना.

मग मी एका कागदावर लिहिलं: “मी तुर्दुकान, या गावची निवृत्त पोस्टमन. टीव्हीवर मी खोटं बोलले. मला चिनारा नावाची मुलगी आहे. ती बिश्केकला इस्पितळात नर्स आहे. ती माझी विचारपूस करते आणि मी तिच्याशी वाईट वागले. डबाही मला मिळालेला नाही.” तो कागद कार्यालयाच्या फळ्यावर लावला. दुपारपर्यंत कोणीतरी फाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तोही फाडला. असं चार वेळा झालं. लोक म्हणायला लागले की नवरा गेल्यापासून हिचं डोकं फिरलंय. पाचव्या दिवशी मी गेले तर कागद जागेवर होता आणि चारी कोपऱ्यांना खिळे होते. तालाई खिडकीतून बघत होता. मी हात केला नाही, त्यानेही केला नाही. कागद अजून तिथेच आहे. गावाने वाचलाय. तुझ्यापर्यंत तो पोहोचणार नव्हता, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारीत बाबांचं वर्ष आहे. ये असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायचं तोंड मी ठेवलेलं नाही. पण त्याआधी मी बिश्केकला येणार आहे. येत्या शुक्रवारी मारातच्या गाडीत माझी जागा ठरली आहे. संध्याकाळपर्यंत तुमच्या दारात येईन. कुबानसमोर, अदिनासमोर, तुला वाटलं तर तुझ्या शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्यासमोर, जे टीव्हीवर बोलले ते खोटं होतं आणि ते मीच बोलले, एवढं सांगेन. त्यानंतर आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मारात शनिवारी सकाळी परत निघतो, रात्रीपुरती मी त्याच्या बहिणीकडे राहीन. तुझ्यावर त्याचा भार नको.

अदिनाला एवढंच सांग की एक म्हातारी येणार आहे. आजी म्हणायचं की नाही, ते तुला विचारल्याशिवाय मी तिला सांगणार नाही.

खाली काय लिहावं यावर बराच वेळ पेन थांबलं आहे. तुझी म्हणायचा हक्क मी माझ्याच जिभेने घालवला. दुसरं काही लिहिता येत नाही म्हणून, आणि तू खोडशील तर खोडू देईन असं ठरवून लिहिते,

तुझी आई
तुर्दुकान