एका दमात

प्रिय बडबडे,

परवा फोनवर तू तब्येत विचारलीस आणि मी ठीक म्हणून विषय बदलला. एवढं सगळं बोलायला हल्ली माझा दम पुरत नाही, म्हणून हे पत्र. माझ्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलाय. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं, पण मला कळलं ते आपल्या शिवणकामाच्या भाषेत: नाडी करकचून आवळली गेलीय आणि अलीकडून ढकलून ढकलून बिचारं हृदय मेटाकुटीला आलंय. त्यावरच्या नव्या औषधाची चाचणी चाललीय, तिच्यात मी नाव घातलंय. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतीच गोळी. कुणाला काय, ते बाईंनाही ठाऊक नसतं. तुझे बाबा रोज माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात, जणू उत्तर कपाळावरच उमटणार आहे.

दर खेपेला दवाखान्याच्या लांबलचक बोळात चालायला लावतात. नर्स मागून येते, म्हणजे तिच्या चालीने आपण चालू नये. चालून आलं की ती गप्पा मारते, पण लक्ष असतं आपला श्वास कुठे तुटतो तिकडे. आता मलाही तीच खोड लागलीय. माझ्याबरोबर एक ट्रकड्रायव्हर असायचा. इंजिन ठणठणीत आहे मावशी, पाइप तुंबलाय, म्हणून हसवायचा. गेल्या खेपेला त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. मी विचारलं, तर नर्सने माझ्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा उगाचच सोडून पुन्हा बांधला.

त्याच दिवशी बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का? मी नाही म्हणून मोकळी झाले. घरी येताना तुझी मावशी आठवली. जिन्यात मध्येच बसून राहायची, आम्ही तिला आळशी म्हणायचो. गेली तेव्हा दमा म्हणून सगळे गप्प बसले. दुसऱ्या दिवशी जाऊन हे सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तुम्हाला मुलं किती?

शाळेतून आलीस की दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत तू अख्खा दिवस एका दमात सांगायचीस, म्हणून तर बडबडी. परवा फोनवर म्हणालीस, मी बरी आहे. एवढंसं वाक्य, पण मध्येच श्वास घेतलास. जिना चढून आलीस का, विचारलं, तर म्हणालीस, नाही गं, केव्हाची पडूनच आहे. बाळा, उद्याच्या उद्या हृदयाची सोनोग्राफी करून घे. मावशीसारखी जिन्यात बसू नकोस.

तुझीच,
कान लावून बसलेली आई