खळ्यावरचं कॉलेज

कार्तिक शुद्ध ९, सन १९५६
नात निमी भर दुपारी कॉलेजातून घरी. मिलमध्ये नवं धान यायला लागलं, शेठने गोदाम परत मागितलं, कॉलेज बाहेर. मागल्या सालीही असंच झालं होतं, पण तेव्हा पोरं थोडी, देवळाच्या ओसरीत मावली. औंदा वाढली. गोदामातही खिडकीत बसत होती म्हणे. आता पोती आत, पोरं सडकेवर.
मोतीराम जेवता जेवता म्हणतो, "बरं झालं. बालाघाटकडचे लोक इचारून राहिले. कालेज उघडते तोवर पोरीचे हात पिवळे करून टाकू." निमी ताटावरून उठली. लेक उपाशी उठली आणि बाप दुसऱ्यांदा वरण मागतो. मीच जन्माला घातला, कोणाला सांगू.

कार्तिक शुद्ध १२
शेठ आला मोटारीतून. सोबत प्रिन्सिपल, हडकुळा, नागपूरकडचा. शेठ त्या सेवा क्लबाचा अध्यक्ष. हे लोक गुरुवारी जमतात, चहा पितात, सेवा करतात. कॉलेज क्लबानेच काढलं. आता जागा पाहिजे. सडकेकाठचं आमचं खळं नजरेत भरलं.
"माताजी, बच्चों के भविष्य का सवाल है."
म्हटलं, "मिल तुमची, गोदाम तुमचं, कलब तुमचा. मंग जागा माही काऊन?"
शेठ हसला. प्रिन्सिपल नाही हसला, खाली पाहत राहिला. त्याला पटलं वाटते.
मीटिंग खळ्यावरच घेऊ, सगळ्यांना जागा दिसेल, असं ठरवून गेले. मला विचारलं नाही, सांगितलं.

कार्तिक वद्य ४
मीटिंग. कालच सोमा सालदाराने खळं चोपलं, मी अन् सुनेने शेणाने सारवलं, बैल फिरवायला मधोमध मेढ रोवली, नारळ फोडला. आज हे आले बूट घालून, खुर्च्या घेऊन. खुर्चीचे पाय ओल्या सारवणात रुतले. एकाने मेढीला टोपी अडकवली.
मी काठी आपटली. "इथं लक्षुमी उतरते. माहा लेकही इथं वहाना घालून चढत नाई, अन् तो काई लई शहाना नाई."
प्रिन्सिपलने आधी बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मग वकील, डाक्टर, सगळे. शेठला वाकवेना, त्याचे ड्रायव्हरने उपसले. खुर्च्या बांधावर गेल्या. बसले मांडी घालून, पंगतीला बसतात तसे.
खाली बसलं की माणूस थोडकं बोलतो. तरी एक म्हणालाच, यंदा बंद ठेवू, पुढल्या साली पाहू. निमी माझ्यामागे उभी होती. पदर ओढला गेला, पाहते तर हिने धरलेला.
म्हटलं, "बंद कायले? कापलेलं धान मी पुंजन्यात रचून ठेवीन. पोरं बसवा इथं. पूसाचा महिना लागला की बैल फिरवून चुरनं करीन, तवा पोरायसाठी गोदाम खाली करा."
शेठ: "पूस तक?"
"पूस तक. अन् भाषन नको."

मार्गशीर्ष शुद्ध २
वर्ग भरतो. पोरं पुंजण्याला टेकून बसतात, लोंब्या चघळतात. मी ओरडले. वहाणा बांधावर ओळीने, जसं लग्नघर. पोरी दोनच, निमी आणि रेल्वेच्या टीसीची एक.
मास्तर इतिहास सांगून राहिले होते, ऐकला. सगळे राजे भावाभावात भांडून मेले. यासाठी कॉलेज कशाला, आमच्या गावातून एक चक्कर मारावी.
मोतीराम बांधावरून पाहतो. जवळ येत नाही.

मार्गशीर्ष वद्य ५
आभाळ आलं. पुंजणं भिजलं तर वर्षाचं धान काळं. मोतीराम तोंड सोडून बोलला. "कालेजापायी साऱ्यायच्या पोटात माती घालशील, माय!" खोटं नाही.
दुपारी पाहते तर प्रिन्सिपल धोतर खोचून पुंजण्यावर, पोरं खालून तणसाच्या पेंढ्या देऊन राहिली. शाकारत होते, पण विरळ. मोतीरामला राहवेना. "दाट घाला ना बाप्पा, दाट! धान झाकून राहिले का चादर वाळवून राहिले?" म्हणत स्वतः चढला. चार थेंब आले, गेले.
संध्याकाळी बालाघाटवाल्यांचा माणूस. मोतीराम त्याला म्हणाला, "परीक्षा होऊ द्या." मी आत भात उपसत होते. ऐकलंच नाही असं केलं, नाहीतर फिरला असता.

पौष वद्य १, सन १९५७
चुरणं झालं. धान घरात. थोडं काळवंडलं, खाऊ. शेठ शब्दाला जागला, कॉलेज गोदामात गेलं. खळं मोकळं. बरं वाटायला पाहिजे होतं.
आज परत आले. क्लबाचा ठराव झाला म्हणे. खळं कायमचं द्या, पक्क्या खोल्या बांधू, मग कोणी पोरांना उठवणार नाही. शेठने कागद पुढे केला, अंगठ्याची शाई उघडली.
"झाका ते. मले सही येते. करीन तवा करीन."
यावेळी बूट मात्र दारात काढून आले होते.
ते गेल्यावर मोतीराम, "माय, मंग आपन चुरनं कुठी करू?" निमी तोंडाकडे पाहते. दोघांना काय सांगू. ती मेढ माझ्या सासऱ्याने आणलेली, सागाची.
चुरणं झालं की मेढ उपटून आढ्यावर ठेवायची, पुढल्या सालासाठी. सोमा ती खांद्यावर घेऊन अंगणात उभा.
"आजी, वरती ठेवू ना?"
"भिंतीले टेकव सध्या."