पोटावरचा पोपट

प्रिय ताई,

तक्रार गंभीर आहे, तेव्हा बसून वाच. तुझ्या त्या उशीवरचा पोपट रंग सोडतो. माझ्या झाडून सगळ्या पांढऱ्या शर्टांवर, बेंबीच्या जरा खाली, हिरवे डाग पडलेत. ऑफिसात मी साहेबांसमोर फाइल पोटाशी धरून उभा राहतो. त्यांना वाटतं, आजारपणानंतर माणूस नम्र झाला. शाळेत असताना तू हा पोपट भरलास, तेव्हाच मी म्हटलं होतं की हा बेडूक आहे. आता तो रंगाचाही कच्चा निघाला.

घरात चार बऱ्या उशा असताना हॉस्पिटलात तू नेमकी हीच आणलीस. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. माझा घसा नुसता खवखवला तरी तू झडप घालायचीस. हसू आलं तरी तेच. आणि हसवायचीसही तूच. वीतभर आतडं कापलेलं, उरलेलं कधी चालू होतंय याकडे सगळ्यांचे कान लागलेले. शेवटी एकदाचा मला वारा सरला, तर तू व्हरांड्यात जाऊन मावशीपासून मामापर्यंत सगळ्यांना फोन लावलेस, "झालं गं बाई, सुटलो एकदाचे!" शेजारच्या खाटेकडे आलेल्या बाईंनी आत येऊन माझ्या बायकोला विचारलं, मुलगा की मुलगी? माझ्या उभ्या आयुष्यातल्या कुठल्याही कर्तबगारीचं घरात इतकं कौतुक झालेलं नाही.

आता वर्ष होत आलं, आणि डाग मात्र ताजे आहेत, हे तू एव्हाना ताडलंच असशील. डॉक्टर म्हणतात, जखम उत्तम भरलीय, पण आत कुठेतरी चिकटलंय, त्याची ओढ बसते. मी त्याला घरजावई म्हणतो. पोटभर जेवलो की रुसतो, जिना चढलो की कुरकुरतो, आणि घालवून द्यायची सोय नाही. मग मीच सांभाळून घेतो. थोडं थोडं खातो, जेवल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतो, फारच झालं तर गरम पाण्याची पिशवी, आणि पोपट. बायको म्हणते, "लग्नात माझा हात एवढा घट्ट नव्हता धरला."

पण गल्लीच्या टोकाला लोहाराचं दुकान आहे. तिथे घटकाभर टेकतो, ठिणग्या बघतो. मागच्या वर्षी हे बघायला मी उरेन की नाही, याची कुणी खात्री देत नव्हतं. पोट दुखतं, आणि दुखायला मी आहे. हे गणित मला बरं वाटतं.

रविवारी तू फोनवर विचारलंस, "खरं सांग, नंतर दुखतं का रे?" मी म्हटलं, "छे! फक्त तुझा आवाज ऐकला की." तू हसलीस. संध्याकाळी दाजींचा फोन आला. तुझ्या आतड्यातली गाठ काढायची तारीख ठरलेली, ती तू रद्द करायला निघालीयस, म्हणालीस म्हणे, "तो थट्टेवारी नेतोय, म्हणजे फारच दुखत असणार." तर हे घे सरळ उत्तर. दुखतं. रोज नाही, पण दुखतं. काही दिवस दाराची चौकट धरून उभं राहावं लागतं. तरी पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा कापून घेईन. तारीख मोडू नकोस. तुझा खोकला यायच्या आधी ओळखणं दाजींना जमायचं नाही, म्हणून मी रजा टाकलीय; खाटेशी मी असेन. उशी सोबत पाठवतोय. मला दुसरी आणलीय, तिच्यावर काहीच भरलेलं नाही, फार कंटाळवाणी आहे. ही मिठाच्या पाण्यात भिजवून धुतली, आता रंग जात नाही. पोपटाचा डोळा कधीच गळून पडला होता; तिथे डाग पडलेल्या एका शर्टाचं बटण लावलंय. मीच लावलंय. वेडंवाकडं दिसेल, पण ओढून बघ, पक्कं आहे.

तुझाच,
धाकटा